कुंपण नसलेला झोन

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरीचा भुतखांब सडा, म्हणजे तिथले पठार, दोनदा गाजला. पहिल्यांदा नायलॉन ६,६ च्या कारखान्यामुळे. त्या आंदोलनात जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला आणि कारखाना अखेर तमिळनाडूत उभा राहिला. दुसऱ्यांदा २००६ नंतर, औषधनिर्मितीच्या विशेष आर्थिक क्षेत्रामुळे, म्हणजे सगळे ज्याला 'सेझ' म्हणतात त्यामुळे. बारा लाख चौरस मीटरच्या वर जमीन होती. तेही उत्पादनापर्यंत पोचले नाही.

तरीही वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी म्हणतेच, "गोव्यात झोन झाले असते तर निर्यात कुठल्या कुठे गेली असती." या वाक्याचा प्रामाणिक हिशेब करायचा तर झोन नावाचे गाठोडे आधी सोडावे लागते. त्यात चार वस्तू बांधलेल्या असतात: आयकराची सूट, आयातशुल्काची सूट, परवानग्यांची एक खिडकी आणि जमीन. यातली पहिली संपली आहे. दुसरी २०१९ पासून कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही शेडमध्ये बसून मिळते. खिडकी दिल्ली-पणजीतल्या कारभारावर ठरते, कुंपणावर नाही. उरली जमीन. आज गोव्यात कुणी नवा झोन मागत असेल तर तो जकातमाफी मागत नाही, जमीन मागतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचे सगळे या मताचे कारण आहे.

आयकराचे थोडक्यात. कलम १०अअ प्रमाणे सेझमधल्या युनिटला निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे १०० टक्के, पुढची पाच वर्षे ५० टक्के आणि त्यापुढची पाच वर्षे, नफा पुन्हा धंद्यात घातला तर, ५० टक्के सूट होती. २०११-१२ पासून या युनिटांवर किमान पर्यायी कर (सवलती असल्या तरी नफ्यावर द्यावाच लागणारा कर) लागला, तेव्हाच अर्धी हवा गेली. ३१ मार्च २०२० ही शेवटची मुदत होती. कोविडमुळे, ज्यांच्या हातात आधीच परवाना होता, त्यांना थोडी सवलत मिळाली, बस. नव्या युनिटाला यातले काही नाही.

जमिनीचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण गोव्यातला सगळा वाद तिथेच पेटला. सेझ कायदा २००५ चा, नियम १० फेब्रुवारी २००६ चे. त्याच वर्षी औद्योगिक विकास महामंडळाने सात प्रवर्तकांना मिळून सुमारे ३८ लाख चौरस मीटर जमीन दिली. पूर्ण गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. त्यातून अभयारण्ये, डोंगर, खाजन (खाडीकाठची सखल शेतजमीन) आणि वस्ती वजा करा, मग सपाट सडा किती उरतो ते बघा. शिवाय झोनच्या सगळ्या जमिनीवर कारखानाच असावा, असा नियम कधीच नव्हता. एप्रिल २००७ मध्ये केंद्राने निदान ५० टक्के भाग उत्पादनासाठी सक्तीचा केला, म्हणजे उरलेल्या निम्म्यावर घरे, हॉटेल, दुकाने चालणार होती. वेर्ण्यासारख्या ठिकाणी, विमानतळ आणि मडगाव यांच्या मध्ये, त्या निम्म्याला काय भाव आला असता हे गोंयकाराला समजावून सांगायची गरज नाही.

३१ डिसेंबर २००७ रोजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सगळे सेझ रद्द करत असल्याचे जाहीर केले. फटाके वाजले, पण कायद्याच्या बाजूने एक पाचर राहिली होती. सेझला मंजुरी देते केंद्राचे मंजुरी मंडळ, अधिसूचना काढते वाणिज्य मंत्रालय, राज्य फक्त शिफारस करते. ज्यांची अधिसूचना निघाली नव्हती त्यांची शिफारस राज्य मागे घेऊ शकत होते. केरी, वेर्णा आणि सांकवाळ इथल्या तिघांची निघून चुकली होती, तिथे राज्याचा हात पोचत नव्हता. अखेर जमिनीच्या बाजूनेच गाठ सुटली: मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने नोव्हेंबर २०१० मध्ये जमिनीचे वाटपच रद्द ठरवले. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पडून राहिले आणि २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने व्याजासह सुमारे २५६ कोटी रुपये परत करून जमीन सोडवायचे ठरवले. बारा वर्षे ३८ लाख चौरस मीटर ना उद्योगाला, ना गुरांना.

सवलतीच्या जोरावर आलेला उद्योग किती टिकतो, याचा अनुभवही गोव्याच्या गाठीला आहे. आयकर कायद्याच्या आठव्या परिशिष्टात औद्योगिकदृष्ट्या मागास राज्ये होती, त्यांत गोवाही होता. कलम ८०-आयबीखाली पाच वर्षे पूर्ण करमाफी मिळे. गोव्यात नव्वदीच्या दशकात औषध कंपन्या रांगेने आल्या, त्याला हे एक मोठे कारण. नव्या युनिटांसाठी ही दारे ३१ मार्च २००४ ला बंद झाली, आणि त्याआधीच जानेवारी २००३ मध्ये केंद्राने हिमाचल आणि उत्तराखंडला दहा वर्षांची उत्पादनशुल्कमाफी दिली होती. विस्ताराची पुढची फेरी हिमाचलातल्या बद्दीला गेली. इथे जे टिकले ते करमाफीवर टिकले नाहीत. अमेरिका-युरोपच्या नियामकांनी तपासून मंजूर केलेला प्लांट उचलून दुसरीकडे नेता येत नाही आणि शिकलेले केमिस्ट, ऑपरेटर इथेच घरे बांधून होते.

त्याहून जुने उदाहरण १८७८ चे आहे आणि ते आपल्याकडे फार कमी बोलले जाते. त्या डिसेंबरात झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान एकाच जकात-संघात आले, सीमेवरची नाकी उठली. बदल्यात इंग्रज वर्षाला चार लाख रुपये देणार आणि गोव्यातल्या मिठावर त्यांचे नियंत्रण. मुरगावचे बंदर आणि तिथून कॅसलरॉककडे जाणारी रेल्वे याच काळातली. पण मिठागरे आवळली गेली, उघडी बाजारपेठ घाटावरच्या मालाला जास्त फळली आणि मुंबईकडे जाणारी माणसांची रांग वाढली. १८९२ मध्ये तह संपला, पुन्हा नाकी आली. रेल्वे आणि बंदर राहिले.

आता मुख्य गोष्टीकडे.

सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ५८ खाली खासगी बाँडेड गोदामाचा, म्हणजे आयात माल शुल्क न भरता ठेवायच्या जागेचा, परवाना मिळतो आणि कलम ६५ खाली त्या गोदामात उत्पादन करायची परवानगी. हे जुनेच आहे. १ ऑक्टोबर २०१९ ला नवे विनियम आले आणि ते वापरण्याजोगे झाले. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून धंद्यात या योजनेला 'मूवर' म्हणतात. चमत्कार एवढाच की तुमचा आहे तो कारखाना, किंवा त्यातली एक शेड, बाँडेड गोदाम ठरते. दाराला कस्टम्सचे कुलूप नसते, आत अधिकारी बसलेला नसतो, किमान गुंतवणुकीची अट नाही, किमान क्षेत्रफळ नाही आणि सगळ्यात महत्त्वाचे, निर्यातीची सक्ती नाही. सगळा माल देशात विकला तरी चालतो.

आकड्यांत बघू. एक कोटी रुपये किमतीचे यंत्र बाहेरून आणले. मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के धरू: ७.५ लाख. त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार: ७५ हजार. या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी: १९ लाख ४८ हजार ५००. एकूण २७ लाख ७३ हजार ५००. नेहमीच्या आयातीत हे पैसे माल सोडवतानाच भरायचे. आयजीएसटीचे क्रेडिट मिळते, पण निर्यातदाराकडे ते साठून राहते. शुल्क आणि अधिभाराचे सव्वाआठ लाख मात्र कायमचे गेले. बाँडमध्ये आणले तर यातला एकही रुपया आज भरावा लागत नाही आणि यंत्र बाँडमध्ये आहे तोवर व्याजही नाही. त्याऐवजी शुल्काच्या तिप्पट रकमेचे बंधपत्र द्यायचे, म्हणजे ८३ लाख २० हजार ५०० चे. तो कागद आहे, रोकड नव्हे.

हेच यंत्र ईपीसीजी योजनेत (निर्यातीच्या अटीवर यंत्रे शुल्काशिवाय आणायची योजना) आणले असते तर वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागली असती. आयजीएसटीही माफ घेतला तर ती १ कोटी ६६ लाख ४१ हजार होते, पैकी निम्मी पहिल्या चार वर्षांत. दोन वर्षे बाजार पडला की नोटीस, व्याज, मुदतवाढीचे अर्ज. शंभर टक्के निर्यातप्रधान युनिट घ्यायचे तर पाच वर्षांत परकीय चलनाची निव्वळ कमाई धन दाखवावी लागते. आणि या निर्यातीला बांधलेल्या योजनांबाबत जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने ३१ ऑक्टोबर २०१९ च्या अहवालात भारताविरुद्ध निकाल दिला आहे: सेझ, निर्यातप्रधान युनिट, ईपीसीजी सगळ्यांबद्दल. भारताचे अपील, अपील मंडळच ठप्प असल्यामुळे, तसेच पडून आहे. बाँडची सोय निर्यातीला बांधलेली नाही, म्हणून ती या कचाट्यात सापडत नाही.

कच्च्या मालाचे गणित तितकेच सोपे. पक्का माल निर्यात झाला की त्यात गेलेल्या आयात मालाचे शुल्क माफ. देशात विकला तर त्यात गेलेल्या आयात मालापुरतेच शुल्क, एक्स-बाँड बिल ऑफ एन्ट्री (बाँडमधून माल सोडवायचा कागद) भरायच्या दिवशीच्या दराने, आणि पक्क्या मालावर नेहमीचा जीएसटी. सेझमधून देशात विकला तर कायदा तो माल परदेशातून आला असे धरतो आणि पक्क्या मालावर शुल्क मागतो. थायलंडहून करारानुसार शून्य शुल्कात येणाऱ्या वस्तूशी आपल्याच देशातल्या झोनमधली वस्तू हरते, ती इथे. अमेरिकेतल्या झोनमध्ये, १९३४ च्या कायद्यानुसार, कारखानदार सुट्या भागांचा की पक्क्या मालाचा दर हे बहुतांशी निवडू शकतो आणि स्वतःच्या कारखान्यालाच 'सबझोन' करून घेऊ शकतो. आपला सेझ नव्हे, आपला बाँड त्या नमुन्याच्या जवळ जातो.

अर्ज करायचा तो हद्दीतल्या सीमाशुल्क आयुक्तांकडे. गोव्यासाठी ते मुरगाव हार्बरच्या कस्टम हाउसमध्ये. ५८ आणि ६५ साठी अर्ज एकत्रच करता येतो. सोबत जागेचा नकाशा, भाडेपट्टा, अग्निशमनाचा दाखला, आयात-निर्यात कोड, जीएसटी क्रमांक, बंधपत्र. मग अधिकारी जागा बघायला येतो. इथे अर्ज अडकतो तो शुल्काच्या प्रश्नावर नाही, नकाशावर. महामंडळाच्या मूळ भाडेपट्ट्यात दोन शेड, प्रत्यक्षात मध्ये पत्रे टाकून तिसरी झालेली, वर मेझानाइन चढलेले, एक कोपरा पोटभाडेकरूला दिलेला. बाँडेड जागेची हद्द भिंतीने किंवा जाळीने स्पष्ट दिसली पाहिजे आणि ती कागदाशी जुळली पाहिजे. अर्जाआधी नकाशा अद्ययावत करून महामंडळाची मंजुरी घेतलेली बरी. त्यात जातात ते आठवडे नंतर गेलेल्या महिन्यांपेक्षा स्वस्त.

दारावर 'कस्टम्स बाँडेड वेअरहाउस' अशी पाटी लागते. कस्टम्सचे काम येणारा, डिजिटल सही असलेला वेअरहाउस कीपर नेमावा लागतो. हे पद मालकाच्या भाच्याला देऊ नका. योजना चालते की फसते ते या माणसावर ठरते. आवक, वापर, उत्पादन, जावक यांचा हिशेब ठरलेल्या नमुन्यात, संगणकावर ठेवायचा, दर महिन्याचा पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत बाँड अधिकाऱ्याला पाठवायचा आणि पाच वर्षे जपायचा. परवान्याला नूतनीकरण नाही, रद्द किंवा परत करेपर्यंत तो चालू.

पहिला कंटेनर आला की पहिली चूक होते. क्लिअरिंग एजंट सवयीने घरगुती वापराचे बिल ऑफ एन्ट्री भरतो, शुल्क भरले जाते आणि मग परताव्याची वारी सुरू. वेअरहाउसिंगचे बिल हवे, त्यावर आपल्या गोदामाचा कोड हवा. बंदरातून माल निघतो तो एकदाच वापरायचे सील लावून. पोचल्यावर सीलचा क्रमांक आणि नग मोजायचे, तफावत दिसली तर २४ तासांत कळवायची. माल पोचल्याची पावती एका महिन्यात दाखल झाली नाही तर शुल्काची मागणी येते, माल तुमच्या शेडमध्ये डोळ्यांसमोर असला तरी.

घट आणि कचरा हा दुसरा सापळा. माल निर्यात झाला तर तयार होणाऱ्या कचऱ्यावरचे शुल्क माफ होते, पण कचरा नष्ट केला तर, किंवा तो तसाच आयात झाला असे समजून त्यावर शुल्क भरले तर. पक्का माल देशात गेला तर कचऱ्यात गेलेल्या मूळ मालावरही शुल्क लागते. भंगारवाल्याला नेहमीच्या बिलावर कातरण देऊन टाकली की लेखापरीक्षणात ती नेमकी सापडते.

तिसरी गोष्ट फार उशिरा लक्षात येते. यंत्र दहा वर्षांनी बाँडमधून काढून देशात विकायचे तर घसारा मिळत नाही, आणलेल्या किमतीवर पूर्ण शुल्क बसते. वरच्या उदाहरणात यंत्राचे वीस लाख आले तरी शुल्क जवळपास पावणेअठ्ठावीस लाख. परदेशात विकले तर शुल्क नाही. यंत्र बाँडमध्ये घेतानाच त्याचा शेवट कुठे करायचा हे ठरवलेले असावे.

चौथी, निर्यातदारांसाठी सगळ्यात टोचणारी: बाँडेड कारखान्यातून निर्यात केलेल्या मालावर ड्रॉबॅक (भरलेल्या शुल्काचा परतावा) नाही आणि रोडटेपही (मालात मुरलेल्या इतर करांचा परतावा) नाही. ज्याचा कच्चा माल बहुतेक देशी आहे आणि आयात थोडीच, त्याने बाँड घेतला तर चार आणे वाचवून बारा आणे घालवतो. वेर्ण्यातल्या गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्याला, ज्याच्या ऑर्डरी ठरलेल्या आहेत, त्याला कच्च्या मालासाठी आगाऊ परवाना (निर्यातीच्या अटीवर कच्चा माल शुल्काशिवाय आणायचा) बरा पडू शकतो: १५ टक्के मूल्यवर्धन आणि १८ महिन्यांत निर्यात. यंत्रे महागडी, आयात मोठी आणि बाजार निम्मा देशी निम्मा परदेशी असेल तिथे बाँड उजवा.

काजूचे गणित मुद्दाम मांडतो, कारण डिचोली-सत्तरीकडे हा प्रश्न हमखास निघतो. बाहेरून येणाऱ्या कच्च्या बियांवर शुल्काचा सर्वसाधारण दर २०१८ पासून अडीच टक्के. कोटीच्या मालावर अधिभारासह पावणेतीन लाख, वर ५ टक्के आयजीएसटी सुमारे ५ लाख १४ हजार. म्हणजे पावणेआठ लाखांच्या थोडे वर. सहा महिने ते लांबले आणि व्याज दहा टक्के धरले तर वाचतात साधारण ३९ हजार. गर देशात विकला की शुल्क भरायचेच आहे. शिवाय बियांचा हिशेब: धंद्यात उतारा सांगतात तो ८० किलोच्या पोत्यामागे पौंडांत, ४८ पौंड म्हणजे पावणेबावीस किलो गर. उरलेले बहुतेक टरफल आणि तेल, शिवाय वाळून घटलेले वजन. हा सगळा ओला-सुका हिशेब दर महिन्याला कस्टम्सला द्यायचा, तोही ३९ हजारांसाठी. वेअरहाउस कीपरचा दोन महिन्यांचा पगारही त्यातून धड निघणार नाही. काजूवाल्याने बाँडच्या वाटेला जाऊ नये.

आता प्रादेशिक विकासाकडे. झोनचे मोजमाप आतल्या निर्यातीने करायचे नाही, बाहेरच्या किती लोकांना काम मिळाले याने करायचे. सेझला माल पुरवायचा तर पुरवठादाराला तो शून्य दराने, एलयूटी (कर न भरता माल पुरवायचे हमीपत्र) देऊन, सेझ अधिकाऱ्याकडून बिलावर शेरा घेऊन पुरवावा लागतो. मोठा पुरवठादार हे सहज करतो. कुंडईत पुठ्ठ्याचे खोके करणारा, बेतोड्यात लेथवर सुटे भाग काढणारा या शेऱ्यासाठी कुणाच्या मागे धावणार? बाँडेड कारखान्याला मात्र तो नेहमीच्या जीएसटी बिलावर माल देतो, कारखाना क्रेडिट घेतो, विषय संपला. बाँडमधला माल जॉबवर्कसाठी बाहेर पाठवायलाही परवानगी आहे, फक्त नोंद चोख हवी. कुंपण नसल्याचा खरा फायदा इथे आहे आणि तो शुल्काच्या तक्त्यात दिसत नाही.

बाँडने जे सुटत नाही ते बंदर. मुरगाव हे खनिजासाठी वाढलेले बंदर. मांडवी-झुवारीतून बार्ज यायच्या आणि जहाजे भरायची. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, त्याआधी २०१२ ची बंदी. कंटेनरची वाहतूक तिथे कधीच मोठी नव्हती. माल कमी म्हणून जहाज क्वचित, जहाज क्वचित म्हणून माल न्हावाशेव्याला, सुमारे साडेपाचशे किलोमीटर रस्त्याने. गोव्यातल्या निर्यातदाराचा खर्च वाढतो तो इथे, आणि कुठल्याही झोनच्या अधिसूचनेने ते अंतर कमी झाले नसते. वेर्णा, कुंडई, तुये इथल्या निर्यातदारांनी ठरावीक वारी, ठरावीक कंटेनर असा एकत्र माल बांधून जहाज कंपनीशी बोलणी केली तर फीडर जहाज (मोठ्या बंदरापर्यंत कंटेनर नेणारे छोटे जहाज) थांबायला कारण मिळते. हे काम महामंडळाच्या एका टेबलावर होण्यासारखे आहे आणि त्याला एक चौरस मीटरही जमीन लागत नाही.